फेरारी ३४८ आणि एफ३५५: ‘स्लो डाउन’चा दिवा खरा की खोटा, हे शोधण्याचा क्रम

एक्झॉस्ट जास्त तापल्याचा इशारा देणारा ‘स्लो डाउन १-४’ किंवा ‘५-८’ हा दिवा डॅशबोर्डवर पेटला की मालकांच्या हातून दोनपैकी एक चूक होते. काहीजण ‘या गाड्यांचे हे नेहमीचेच’ म्हणून दिव्याकडे दुर्लक्ष करतात, किंवा सरळ कनेक्टर उपटून ठेवतात. काहीजण काहीही न मोजता महागडा कंट्रोल बॉक्स मागवतात, बसवतात, आणि आठवड्याने तोच दिवा पुन्हा पेटतो. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: एक्झॉस्ट खरोखर तापला आहे का, हे आधी ठरवलेलेच नसते. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे, आणि तो मोडू नये. प्रत्येक पायरीवर मिळणारे उत्तर पुढच्या पायरीला लागते.

हा लेख कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (पुढे नुसते ‘कॅट’, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू निवळणारा डबा) असलेल्या ३४८ (१९८९ ते १९९५) आणि एफ३५५ (१९९४ ते १९९९) या गाड्यांना धरून आहे. ३२८च्या कॅटवाल्या आवृत्त्या आणि ३६० यांतही तत्त्व तेच आहे, मात्र जागा आणि कनेक्टर वेगळे.

यंत्रणा थोडक्यात

इंजिनाच्या दोन बाजू, म्हणजे सिलिंडर १ ते ४ आणि ५ ते ८. प्रत्येक बाजूच्या कॅटमध्ये एक थर्मोकपल खुपसलेला असतो. तो के-टाइपचा, म्हणजे क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या तारांचा जोड. तापमानाच्या फरकातून त्यात अगदी लहानसा व्होल्टेज तयार होतो, अंशाला साधारण ०.०४ मिलिव्होल्ट. तो त्या बाजूच्या छोट्या बॉक्समध्ये जातो. बॉक्स तो वाढवतो आणि मर्यादा ओलांडली की दिव्याला व मोट्रॉनिकला (इंजिन चालवणारा संगणक, म्हणजेच ईसीयू) कळवतो. लुकलुकणारा दिवा आणि अखंड पेटलेला दिवा हे दोन वेगळे इशारे आहेत. आपल्या वर्षाच्या मालक-पुस्तिकेत कोणत्याचा अर्थ काय दिला आहे तो वाचून नोंदवहीत लिहून ठेवा. इशारा टोकाला गेला की मोट्रॉनिक त्या बाजूचे इंधन तोडू शकते आणि गाडी चार सिलिंडरवर येते.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. ९०० अंशांना हा थर्मोकपल जेमतेम ३७ मिलिव्होल्ट देतो. बारा व्होल्टच्या दिव्याला जो गंजलेला पिन किंवा सैल अर्थ (गाडीच्या पत्र्याशी केलेली ऋण जोडणी) जाणवतही नाही, तोच इथे शंभर अंशांची थाप मारू शकतो. या यंत्रणेतले बहुतेक खोटे इशारे अशा क्षुल्लक दिसणाऱ्या जागांमधून येतात.

१. दिवा चालत्या गाडीत लागला तर

अॅक्सिलरेटर सोडा, वेग कमी करा, इंजिन २,५०० आरपीएमच्या खाली ठेवा. ताकद गेली असेल, इंजिन मिसिंग मारत असेल, जळका वास येत असेल किंवा दिवा विझत नसेल, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वाळलेले गवत, पालापाचोळा यांवर गाडी उभी करू नका. तापलेल्या कॅटखाली ते पेट घेते.

थांबल्यावर चार गोष्टी लिहा: कोणत्या बाजूचा दिवा, लुकलुकत होता की अखंड, इंजिन सुरू करून किती मिनिटे झाली होती, आणि त्या वेळी गाडी चढावर होती, महामार्गावर की सिग्नलला. या चार ओळींवर पुढचे अर्धे निदान होते. थंड इंजिनावर पहिल्या मिनिटातच पेटणारा दिवा जवळजवळ नक्की खोटा, कारण इतक्या वेळात कॅट धोक्याच्या तापमानाला पोचत नाही. वीस-तीस मिनिटांनी, तेही उभ्या गाडीत किंवा ट्रॅफिकमध्ये पेटणारा दिवा बॉक्स तापून चुकतो आहे असे सुचवतो. लांब चढावर, भरल्या थ्रॉटलला पेटणारा दिवा मात्र खरा धरूनच पुढे चला.

इशारा: बॉक्सचा कनेक्टर काढून ‘बघू काय होते’ म्हणत गाडी चालवू नका. खरी उष्णता असेल तर कॅटचा गाभा वितळतो, बाजूचे वायरिंग आणि इंधनाचे पाइप भाजतात. या गाड्यांना आग लागण्याचा हा सरळ रस्ता आहे.

२. तयारी

अवजारे फार लागत नाहीत, पण योग्य लागतात. ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर हवा. साध्या मीटरची २ व्होल्टची रेंज इथे निरुपयोगी आहे. दोन चॅनेलचा के-टाइप थर्मामीटर, त्याला दोन वायरचे प्रोब. थर्मोकपल सिम्युलेटर (हव्या त्या तापमानाचा थर्मोकपलसारखाच सिग्नल देणारे यंत्र) मिळाला तर उत्तम. इन्स्ट्रुमेंटेशनचे काम करणाऱ्या कोणाकडूनही तो एक दिवस उसना मिळतो. शिवाय छोटे लोहचुंबक, कॉन्टॅक्ट क्लीनर, निकेल असलेले अँटी-सीझ (आट्या जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप), हेअर ड्रायर, पाठीमागून टोचायच्या बारीक पिना, चिकटपट्टी आणि पेन.

बॅटरी काढावी लागणार असेल तर रेडिओचा कोड आधी शोधून ठेवा. मोट्रॉनिक ५.२ असलेल्या एफ३५५मध्ये बॅटरी जोडल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करून अॅक्सिलरेटरला पाय न लावता दहा मिनिटे आयडलवर ठेवा, म्हणजे ईसीयू आपली मापे पुन्हा शिकतो. हे केले नाही तर आयडल डळमळतो आणि नसलेला दोष शोधण्यात दिवस जातो.

बॉक्स कुठे आहे हे पुस्तकातल्या चित्रावरून ठरवण्यापेक्षा कॅटमधून निघणारी वायर हाताने मागे चाचपत न्या. वेणीदार आवरणाची ताठ वायर ज्या छोट्या डबीत शिरते ती डबी आपली. दोन्ही बाजूंच्या डब्या शोधून त्यांवर चिकटपट्टीने ‘१-४’ आणि ‘५-८’ लिहा. आधीच्या कोणी बाजू उलट जोडल्या असण्याची शक्यता असते, म्हणून दिव्याच्या नावावर विसंबू नका.

गाडी उचलणार असाल तर स्टँड लावा, आणि पूर्ण तापलेले इंजिन बंद केल्यापासून किमान दोन तास एक्झॉस्टला हात लावू नका.

३. खरी उष्णता आहे का?

हीच पायरी लोक सोडतात, म्हणून इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

आपला स्वतःचा के-टाइप प्रोब प्रत्येक कॅटच्या आधीच्या आणि नंतरच्या पाइपवर स्टीलच्या होज क्लॅम्पने आवळा. टोक धातूला टेकलेले हवे. वायर ड्राइव्हशाफ्टपासून आणि हेडरपासून (इंजिनातून निघणारे एक्झॉस्टचे पहिले पाइप) दूर बांधा. इन्फ्रारेड थर्मामीटर वापरायचा असेल तर एक सावधगिरी: चकचकीत स्टीलवर तो खूप कमी आकडा दाखवतो. मापायच्या जागी उष्णता सोसणाऱ्या काळ्या मॅट रंगाचा रुपयाएवढा ठिपका मारा, वाळू द्या, आणि चारही ठिकाणी त्याच ठिपक्यावर मापा.

इंजिन पूर्ण तापवा, मग २,५०० आरपीएमवर पाच मिनिटे ठेवा. गाडी मोकळ्या हवेत असू द्या. आकडे वाचताना नेमका अंश महत्त्वाचा नाही, कारण पाइपचा पृष्ठभाग आतल्या गाभ्यापेक्षा नेहमीच थंड असतो. तुलना महत्त्वाची:

- दोन्ही बाजू वीस-तीस अंशांच्या आत असतील आणि दिवा तरीही एकाच बाजूचा लागत असेल, तर इशारा बहुधा खोटा आहे. पायरी ४ कडे जा.
- एका बाजूच्या कॅटनंतरचे तापमान आधीच्यापेक्षा १०० अंशांहून जास्त चढत असेल, तर न जळलेले पेट्रोल कॅटमध्ये जळते आहे. इशारा खरा आहे.
- अंधारात कॅटचे आवरण मंद लालसर दिसले तर पुढे काही मोजू नका, इंजिन बंद करा.

खऱ्या उष्णतेची कारणे थोडीच आहेत. पहिला संशय मिसिंगवर: प्लग, प्लगच्या वायरी, त्यांचे एक्स्टेंडर, कॉइल. एक सिलिंडर पेटत नसेल तर त्याचे पेट्रोल आणि हवा दोन्ही जसेच्या तसे कॅटमध्ये जातात आणि तिथे भट्टी पेटते. थंड इंजिन सुरू करून पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येक सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टजवळ तापमान घ्या. बाकीचे झपाट्याने चढत असताना एखादा मागे रेंगाळला, तर तोच मेलेला सिलिंडर.

दुसरे कारण फसवे आहे, आणि एफ३५५मध्ये वारंवार भेटते: तडकलेला हेडर. फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) वाटते, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि जादा पेट्रोल कॅटला तापवते. हेडरवर उष्णतारोधक आवरण असल्यामुळे तडा डोळ्यांना दिसत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिली मिनिटभर टिक-टिक असा आवाज येतो का ते ऐका. धातू फुगला की फट मिटते आणि आवाज थांबतो. खात्रीसाठी स्मोक टेस्ट करा, म्हणजे एक्झॉस्टमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहा.

बाकी कारणे लवकर तपासता येतात: गळका इंजेक्टर, इंधनाचा जास्त दाब, दमलेला ऑक्सिजन सेन्सर, बेल्ट बदलल्यानंतर एक दात चुकलेला कॅम. सुरुवातीच्या एफ३५५मध्ये कांस्याच्या व्हॉल्व्ह गाइड झिजून इंजिन ऑइल जाळते. ते ऑइल कॅटवर बसते, म्हणून ऑइलचा खप आणि निळसर धूर याकडे लक्ष द्या. कॅट तुंबला आहे का पाहायला ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावा. २,५०० आरपीएमला ०.२ बारपेक्षा जास्त उलटा दाब असेल तर कॅट आतून ढासळला आहे. रबरी हातोड्याने हलके ठोकल्यावर आत खडखड वाजले तरी तेच उत्तर.

तपासा: इथे खरी उष्णता सापडली तर विजेच्या पायऱ्यांकडे वळू नका. बॉक्सने आपले काम बरोबर केले आहे. आधी इंजिन दुरुस्त करा.

आणखी एक स्थिती वेगळी सांगायला हवी. काही गाड्यांत आधीच्या मालकाने कॅट काढून सरळ पाइप घातलेले असतात आणि थर्मोकपल कुठेतरी बांधून लोंबकळत ठेवलेला असतो. तो हेडरला चिकटला की इशारा खोटाही असतो आणि आकडा खराही. गाडीखाली जाऊन थर्मोकपलचे टोक प्रत्यक्ष कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. वीज आणि अर्थ

बॉक्सच्या कनेक्टरमध्ये मागून पिना टोचा. वायरीचे आवरण भोसकू नका, तिथून पुढे गंज चढतो. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.४ ते १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.५ ते १४.५ असावेत आणि बॉक्सपर्यंत जवळपास तेवढेच पोचावेत.

मग मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार बॉक्सच्या अर्थ पिनला लावा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, एसी चालू. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर तो ५०० मिलिव्होल्ट झाला, आणि आपला सगळा सिग्नल ३७च्या आत आहे, हे आठवा. अर्थचा बोल्ट सोडा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाकून आवळा, वरून ग्रीस लावा.

दोन्ही दिवे एकदम लागत असतील तर दोष बहुधा इथेच असतो. दोन बॉक्स, दोन थर्मोकपल एकाच क्षणी बिघडणे फार दुर्मीळ; समाईक वीज, समाईक अर्थ किंवा जास्त चार्जिंग करणारा अल्टरनेटर हेच कारण निघते.

५. थर्मोकपल आणि त्याची वायर

गाडी रात्रभर थंड झालेली असावी. थर्मोकपल बॉक्सपासून सोडवा आणि त्याच्या दोन पिनांवर मिलिव्होल्ट मापा. सगळे एकाच तापमानाला असल्यामुळे आकडा शून्याच्या अगदी जवळ, ०.१च्या आत हवा. मग रोध मापा. चांगला थर्मोकपल काही ओमच दाखवतो. दुसऱ्या बाजूचाही मापा आणि दोन्ही शेजारी-शेजारी लिहा. एकीकडे ४ आणि दुसरीकडे ४० असतील तर ४०वाली वायर तुटायच्या बेतात आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर तुटलीच. अशा अनेक बॉक्सची रचना अशी असते की तुटलेली तार म्हणजे ‘अतितप्त’ असा अर्थ लावावा, म्हणून तुटका थर्मोकपल दिवा पेटवतो.

आता रोध मापत असतानाच वायर तिच्या पूर्ण लांबीवर, वीतभर अंतरा-अंतराने हळूच वाकवा. प्रोबच्या (थर्मोकपलचा कॅटमध्ये खुपसलेला भाग) मानेजवळ आणि जिथे वायर पत्र्याच्या कडेवरून वळते तिथे जास्त लक्ष द्या. आकड्याने उडी मारली की दोष सापडला. खोटा इशारा देणाऱ्या पण ‘थंड असताना ठीक’ दिसणाऱ्या गाड्यांत तडा मानेजवळ असतो: तापल्यावर उघडतो, थंड झाल्यावर मिटतो.

त्यानंतर दोन्ही पिना आणि बॉडी यांच्यामधला रोध पाहा. इथेही दोन बाजूंची तुलना करा. एका बाजूला काहीच नाही आणि दुसऱ्या बाजूला बॉडीशी जोड दिसतो, तर आवरण जळून तार पत्र्याला लागली आहे किंवा प्रोबमध्ये ओल शिरली आहे. कोकणपट्टीसारख्या किंवा आखाती देशांतल्या दमट हवेत महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाड्यांच्या कनेक्टरमध्ये हिरवट-पांढरी पूड हमखास सापडते. ती कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर लावला तर पिनवरचा मुलामा जातो आणि सहा महिन्यांत गंज परत येतो.

*प्रोब बाहेर काढलेला असेल तर पाण्याची चाचणी*

ही चाचणी स्वस्त आहे आणि खात्रीची. बर्फाच्या कालवलेल्या पाण्यात टोक बुडवा. खोलीत ३० अंश असतील तर मीटर उणे १.२ मिलिव्होल्ट दाखवेल. उकळत्या पाण्यात तो अधिक २.९ दाखवेल. पाणी सगळीकडे शंभरलाच उकळत नाही हे ध्यानात ठेवा: पुण्यात ९८च्या आसपास, महाबळेश्वरात ९५-९६. पण इथे ०.१-०.२ मिलिव्होल्टचा फरक चालतो. चिन्ह उलटे आले, म्हणजे बर्फात अधिक आणि उकळत्यात उणे, तर तारांची अदलाबदल झालेली आहे.

तारा ओळखायला चुंबक वापरा. अल्युमेल, म्हणजे ऋण तार, चुंबकाला हलकी चिकटते. क्रोमेल, म्हणजे धन तार, चिकटत नाही. रंगांवर जाऊ नका. अमेरिकी पद्धतीत धन पिवळी आणि ऋण लाल असते, तर आंतरराष्ट्रीय पद्धतीत धन हिरवी आणि ऋण पांढरी. ‘लाल म्हणजे धन’ या सवयीने जोडणाऱ्याने कितीतरी नवे थर्मोकपल उलटे बसवले आहेत.

इशारा: थर्मोकपलची तुटलेली वायर साध्या तांब्याच्या तारेने जोडू नका. तांबे जोडल्याबरोबर मापाचा संदर्भबिंदू बॉक्सवरून त्या जोडापाशी सरकतो. जोड हेडरजवळ १२० अंशांना आणि बॉक्स ४० अंशांना असेल, तर बॉक्सला खऱ्यापेक्षा ८० अंश कमी दिसतात. दिवा विझतो, मालक खूश होतो, आणि कॅट जळत राहतो. जोडायचेच असेल तर के-टाइपचीच एक्स्टेन्शन वायर आणि के-टाइपचेच कनेक्टर वापरा. माझे मत विचाराल तर या जागी जोड नकोच, थर्मोकपल पूर्ण बदला.

*प्रोब काढताना*

आदल्या रात्री आट्यांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी इंजिन दोन मिनिटे चालवून बंद करा आणि एक्झॉस्ट कोमट असताना नट सोडवा. नटाबरोबर वायरही पिळली जात असेल तर लगेच थांबा. आधी कनेक्टर मोकळा करा, म्हणजे प्रोब आणि वायर एकत्र फिरतील. वायरीला पिळा पडला की आतली तार तुटते आणि चांगला प्रोब वाया जातो. आट्यांनी अजिबात दाद दिली नाही तर जोर लावू नका. कॅट खाली उतरवून मशीनशॉपमध्ये काढणे हे बोल्ट तोडण्यापेक्षा स्वस्त पडते.

६. बॉक्सची अदलाबदल

इथपर्यंत उष्णता खोटी, वीज ठीक, थर्मोकपल ठीक असे निघाले असेल, तरच बॉक्सवर संशय घ्या. सुदैवाने सर्वांत चांगली चाचणी फुकट आहे. दोन्ही बॉक्सवरचे पार्ट नंबर वाचा. ते तंतोतंत जुळत असतील तर १-४चा बॉक्स ५-८ला आणि ५-८चा १-४ला लावा. दुसरे काहीही बदलू नका. चावी बंद असतानाच कनेक्टर काढा-घाला.

मग दिवा आधी ज्या परिस्थितीत लागायचा तीच परिस्थिती द्या. पंचवीस मिनिटांनी ट्रॅफिकमध्ये लागायचा असेल तर गल्लीत पाच मिनिटे फिरवून ‘गेला’ म्हणण्यात अर्थ नाही.

दोष दुसऱ्या बाजूला गेला: बॉक्स बाद. दोष तिथेच राहिला: बॉक्स निर्दोष, पायरी ३ किंवा ५ मध्ये काही सुटले आहे. दोष नाहीसा झाला: कनेक्टर काढता-घालताना पिन साफ झाली, म्हणजे दोष पिनेतच होता. या तिसऱ्या निकालाला लोक ‘आपोआप बरे झाले’ समजतात. ते बरे झालेले नसते. पिना तपासा, सैल असतील तर बारीक टोकाने आवळा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात दिवा परत येतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच दिवशी बॉक्सही बदलणे आणि थर्मोकपलही बदलणे. दिवा गेला तरी कशामुळे गेला ते कळत नाही, आणि चांगला सुटा भाग भंगारात जातो.

७. बॉक्स गाडीतच तपासणे

सिम्युलेटर मिळाला असेल तर ही चाचणी अदलाबदलीहून पक्की आहे. थर्मोकपल सोडवा, त्याच्या जागी सिम्युलेटर के-टाइपच्याच वायरीने जोडा. तांब्याच्या क्लिपा लावल्यात तर वर सांगितलेलीच चूक होईल. सिम्युलेटर २०, ४००, ६००, ७०० अंशांवर ठेवत जा आणि प्रत्येक आकड्याला बॉक्सच्या सिग्नल वायरीवरचा व्होल्टेज लिहा. इंजिन बंद असताना, नुसती चावी फिरवलेली असताना दिवे बल्बच्या तपासणीसाठी पेटलेले असू शकतात. म्हणून दिव्याकडे नाही, मीटरकडे पाहा. ७००च्या वर दहा-दहा अंशांनी चढा आणि सिग्नल कुठे उडी मारतो ते नोंदवा.

दोन्ही बॉक्सचे आकडे शेजारी लिहिल्यावर बिघडलेला लगेच उघडा पडतो. दोघांच्या उडीत पाच-दहा अंशांचा फरक चालेल, पन्नासचा नाही. ४०० अंशांनाच ओरडणारा बॉक्स बाद. कितीही अंश दिले तरी गप्प राहणारा बॉक्स त्याहून वाईट. त्या बाजूला संरक्षणच उरलेले नाही.

आता सिम्युलेटर ६००वर स्थिर ठेवून हेअर ड्रायरने बॉक्स गरम करा. बॉक्सवर एक थर्मामीटरचा प्रोब चिकटवा आणि ६० ते ७० अंशांवर थांबा. पंधरा मिनिटे तसेच राहू द्या. सिग्नल तसूभर हलू नये. तीस वर्षे इंजिनाच्या गरमीत राहिलेल्या बॉक्समधले सोल्डरचे जोड तडकलेले असतात. थंड असताना ते जोड धरून ठेवतात आणि तापले की सोडतात. सिग्नल सरकू लागला, किंवा बोटाने टकटक केल्यावर उडाला, तर हेच कारण. जाणकार इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला जोड पुन्हा सोल्डर करून देऊ शकतो, मात्र दुरुस्तीनंतर ही संपूर्ण पायरी, हेअर ड्रायरसकट, पुन्हा करायची.

इशारा: बॉक्सऐवजी ‘सगळे ठीक’ असा ठराविक सिग्नल देणारे रेझिस्टर किंवा डब्या बसवणे टाळा. कॅट गाडीत असेपर्यंत खरा बॉक्सच हवा. आतले इलेक्ट्रॉनिक्स नवे असलेले बॉक्स मिळतात. तेही वरच्या आकड्यांवर तपासूनच बसवा.

८. बॉक्सपासून दिव्यापर्यंत

हा भाग क्वचित बिघडतो. चावी फिरवल्यावर दोन्ही दिवे क्षणभर लागतात का ते पाहा. लागत नसेल तर बल्ब बदला. दिवा कधीच लागत नाही ही तक्रार सहसा कोणी करत नाही, पण गाडी विकत घेताना ती आवर्जून तपासावी. त्रास टाळायला बल्बच काढून टाकलेला असू शकतो. बॉक्सचा सिग्नल बरोबर असून दिवा चुकत असेल, तर बॉक्स ते डॅशबोर्ड वायरीत उंदराने कुरतडलेली किंवा पत्र्याखाली चेपलेली जागा शोधा.

९. परत बसवणे आणि रस्त्यावरची खात्री

नव्या प्रोबच्या आट्यांवर निकेलचे अँटी-सीझ अगदी पातळ लावा. टोकाला लागू देऊ नका. प्रोब आधी हाताने पूर्ण बसवा, पाना शेवटीच. मानेजवळ वायरीला तीक्ष्ण वळण देऊ नका, हाताच्या अंगठ्याभोवती सैल बसेल एवढा गोलवा ठेवा. मूळ क्लिपा परत लावा. प्लास्टिकच्या पट्ट्या या उष्णतेत टिकत नाहीत, पातळ स्टीलच्या क्लिपा वापरा. उष्णतेचे जे पत्रे काढले होते ते सगळे परत बसले आहेत का, मोजून पाहा. एक पत्रा राहिला तरी बॉक्स आणि वायर दोन्ही तापतात आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते.

रस्त्यावर निघताना आपले स्वतःचे प्रोब पाइपवर तसेच राहू द्या, वायर केबिनमध्ये घ्या आणि आकडे सोबत्याला वाचायला सांगा. पंधरा मिनिटे शहरात, पंधरा मिनिटे मोकळ्या रस्त्यावर, मग गाडी उभी करून दहा मिनिटे आयडलवर. दोन्ही बाजू सोबत चढल्या-उतरल्या पाहिजेत. दिवा लागला आणि आपला प्रोब शांत असेल तर पायरी ५ पासून परत. दिवा लागला आणि प्रोबही चढला असेल तर गाडी थांबवा आणि पायरी ३.

सगळे आकडे तारखेसह गाडीच्या फाइलमध्ये ठेवा: थंड रोध, बर्फ-पाणी आणि उकळत्या पाण्यातले मिलिव्होल्ट, दोन्ही बॉक्सचा उडीचा अंश, पाइपची तापमाने. पुढच्या वेळी दिवा लागला की तुलनेसाठी हाच कागद लागेल.